कडीचा डबा

“काहीतरी गळतंय,” रेल्वेत समोरच्या सीटवरची म्हातारी नवऱ्याच्या कानाशी लागून कुरकुरली. “तेल आहे. माझ्या टोपीवर पडलं तर बघ.”

तिला वाटलं, मला काही कळत नाही. पण आमच्या हॉस्टेलातला नळ दोन महिने गळत होता आणि त्याच्यावर तशी चिठ्ठी लावलेली होती, त्यामुळे ‘गळणे’चा चेक शब्द मी सगळ्यात आधी शिकले होते. ‘तेल’ दुकानातल्या बाटलीवरून शिकले होते. बाकीचं वाक्य तिच्या डोळ्यांत होतं. मी वर बघितलं. सामानाच्या जाळीवर माझी पिशवी होती आणि तिच्या कोपऱ्यातून एक लालभडक थेंब, काही घाई नसल्यासारखा, म्हातारीच्या लोकरीच्या टोपीवर नेम धरून लोंबत होता.

मी उठून पिशवी खाली ओढली. आत टॉवेलात गुंडाळलेला म्हेत्रेकाकूंचा कडीचा डबा होता, आणि डब्यात कांदा-लसूण चटणी. इचलकरंजीहून निघताना मी तो प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधला होता. त्या तिन्ही पिशव्या मी पुढे भाजीला वापरून टाकल्या. परदेशात माणसाला पहिल्यांदा पिशव्यांची किंमत कळते.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि विद्यार्थिनी होते. लग्नाचं वय उलटलं होतं, स्कॉलरशिपचं नव्हतं. कॉलेजचं तोंड मी बघितलेलं नाही. माझे वडील कापडाच्या ब्लिचिंग खात्यात कामाला, आणि शेजारी आनंदराव म्हेत्र्यांची चार मागांची शेड. त्या खडखडाटात कोपऱ्यात बसून आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवत मी विणीची डिझाइनं शिकले. शिकवलं कुणी नाही, पण आनंदरावांनी कधी ऊठ म्हटलं नाही, उलट माझी चौकट चुकली की माग थांबवून नुसतं हसायचे. त्या कागदांची वही पाहून चेक देशाच्या उत्तरेकडच्या एका जुन्या गिरणगावातल्या शाळेनं मला तीन महिन्यांसाठी बोलावलं. वर्गातली पोरं विशीतली. मी त्यांच्यात बसले की बाहेरून येणारा माणूस मलाच बाई समजून नमस्कार करायचा.

निघायच्या आदल्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या.

“जातीसच आहेस तर एवढं जयूला दे.”

“काकू, जयू व्हिएन्नात आहे. मी चाललेय चेकमध्ये. तो वेगळा देश आहे.”

“सांगलीला जाताना मिरजेला उतरता येतं का नाही?”

“येतं की.”

“मग.”

आनंदराव त्या वर्षीच्या पौषात गेले होते. जयवंत, म्हणजे जयू, त्यांचा एकुलता एक मुलगा, पाच वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग पुढे शिकायला गेलेला, तो आला नाही. व्हिसात अडकलाय, असं आम्हाला सांगितलं गेलं. अग्नी पुतण्यानं, सतीशनं दिला. गल्लीतले सगळे काकूंच्या तोंडावर म्हणायचे, “परदेशात कुठली हो रजा मिळतेय,” आणि चार घरं ओलांडली की दुसरंच बोलायचे. काकूंनी मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, वर्षश्राद्धाला जयूच बसणार.

“आणि डबा तू परत आणू नकोस,” त्या म्हणाल्या. “त्याला म्हणावं, येताना तूच घेऊन ये. पौषात. विसरायचं नाही म्हणावं, आईच्या लग्नातला डबा आहे.”

झाकणावर नाव कोरलेलं होतं. सौ. प्रमिला आ. म्हेत्रे, १४-५-७६. ‘सौ.’वर त्यांचा अंगठा होता.

तर तो डबा मी आता मांडीवर घेऊन बसले होते आणि रेल्वेच्या डब्यातली सगळी हवा लसणाची झाली होती. म्हातारीनं न बोलता पर्समधून वर्तमानपत्र काढून माझ्या पायाशी पसरलं. मी “माफ करा” म्हटलं. मला चेक येतं हे कळल्यावर तिचा चेहरा जरा पडला, मग तिनं स्वतःलाच माफ केलं आणि विचारलं, “काय आहे हे?”

“लसूण. मिरची. कांदा,” मी माझ्याकडचे शब्द एकेक करून मांडले. “शेजारीण. तिचा मुलगा. व्हिएन्ना.”

“मुलगा आजारी आहे?”

“नाही.”

“तुरुंगात?” म्हाताऱ्यानं विचारलं. अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं. “माझा भाऊ होता. आई असंच बांधून द्यायची.”

“नाही, नाही. शिकतो.”

मी कडी काढून झाकण नीट बसवत होते, तर म्हाताऱ्यानं आपल्या फॉइलमधला पाव पुढे केला. पावात तळलेलं कटलेट होतं. तिथे लांबच्या प्रवासाला लोक तेच नेतात, आपल्या दशम्या-चटणीसारखं. मी बोटभर चटणी लावली. त्यानं घास घेतला. त्याचे कान लाल झाले, मग नाक, मग टक्कल. त्यानं खिडकीबाहेर बघत सगळा पाव शांतपणे संपवला आणि डोळे पुसून म्हणाला, “चांगलं आहे.”

म्हातारी हसली नाही. तिच्या डोक्यात अजून मुलगाच होता. “आजारी नाही, तुरुंगात नाही,” ती म्हणाली, “मग घरी जाऊन का खात नाही?”

मी कडी पुन्हा एकदा दाबून बघितली.

जयू स्टेशनवर आला होता. मी त्याला शेवटचं बघितलं तेव्हा तो काटकुळा आणि बोलका होता. आता अंगानं भरला होता आणि हसताना आधी इकडेतिकडे बघायचा.

“वैजूताई, तू म्हातारी झालीस.”

“आणि तू गप्प झालास.”

त्यानं माझी पिशवी घेतली आणि वास आल्याबरोबर थांबला. पिशवी नाकाशी धरली नाही, काही नाही, नुसता भर स्टेशनात थांबला. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून गेली. मलाही एक वास आला होता, त्याच्या हातांचा.

तो मला एका कॉफीच्या दुकानात घेऊन गेला. उंच छत, संगमरवरी टेबलं, आणि एका कप कॉफीवर माणसं दोन-दोन तास पेपर वाचत बसलेली. कुणी उठा म्हणत नव्हतं. आमच्या टेबलावर पांढरा कपडा होता. जयूनं बसल्याबसल्या त्याचा काठ चिमटीत धरून अंगठ्यानं चाचपला.

“उभे धागे दाट, आडवे विरळ,” मी म्हटलं.

“दहा धुण्यांत जाईल.” मग तो ओशाळला. “सवय.”

“अभ्यास कसा चाललाय?”

“चाललाय. लॅबमध्ये असतो दिवसभर.”

“बरं.”

“आई बरी आहे?”

“बऱ्या आहेत. चटणी दिलीय.”

“कळलं ते अख्ख्या स्टेशनला.”

आम्ही हसलो. मग बराच वेळ मी त्याला माझ्या गमती सांगितल्या. तिथल्या दुकानात भाजी आपणच वजन करून चिठ्ठी चिकटवायची असते. पहिल्या दिवशी मी दोन बटाटे तसेच नेले आणि काउंटरवरच्या बाईनं मला अख्ख्या रांगेदेखत मागे पाठवलं. घरात शिरताना चपला बाहेर काढतात आणि पाहुण्याला सपाता देतात, हे बघून मला किती बरं वाटलं. रेल्वेच्या डब्यात शिरताना अनोळखी माणसांनाही नमस्कार करायचा, उतरताना पुन्हा. मग मधले चार तास कुणी कुणाशी बोललं नाही तरी चालतं. तो ऐकत होता. साखरेची पुडी बोटांत फिरवत होता.

“वास आला ना तुला?” तो एकदम म्हणाला.

“कसला?”

“तुझे बाबा ब्लिचिंगला होते, वैजूताई.”

मी त्याच्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं पांढुरकी, सुरकुतलेली, नखांच्या कडा सोललेल्या. असे हात मी लहानपणापासून जेवायच्या ताटात बघत आलेली.

“हॉटेलांच्या चादरी धुतो,” तो म्हणाला. “तीन वर्षं झाली. कॉलेज दुसऱ्या वर्षीच सुटलं. दोनदा परीक्षा दिली, नाही जमली. तिसऱ्यांदा देऊ देत नाहीत.”

“आनंदकाकांना…”

“नाही. बाबांना शेवटपर्यंत मी इंजिनिअर होतो. दोन माग विकले त्यांनी माझ्यासाठी. दर फोनला विचारायचे, तिथले माग कसे असतात रे, आवाज करतात का? मी सांगायचो, अजिबात नाही करत.” त्यानं पुडी फाडली आणि साखर कपात न टाकताच खाली ठेवली. “व्हिसाबिसा काही नव्हतं. तिकीटसुद्धा काढलेलं होतं मी.”

त्यानं कप बाजूला सरकवला.

“विमानतळापर्यंत गेलो. तिथे बसून राहिलो. बाराव्या-तेराव्याला सगळी भावकी बसणार, आणि प्रत्येकजण विचारणार, काय मग इंजिनिअरसाहेब. बाबांच्या फोटोसमोर. विमान गेलं, मग मी कामावर गेलो. दुपारची पाळी होती.”

बाहेर ट्राम गेली. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं पेपरचं पान उलटलं.

“पौषात वर्षश्राद्ध आहे,” मी म्हटलं. त्याहून शहाणं काही मला सुचलं नाही. “काकू म्हणाल्या, डबा तूच घेऊन ये.”

त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, हे मला कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मी ऑम्लेट मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती. जयू प्लॅटफॉर्मवर आला तेव्हा त्याच्या हातात डबा होता. घासून पुसून लख्ख केलेला. म्हेत्रेकाकूसुद्धा इतका घासत नसतील.

“चटणी काचेच्या बरणीत काढली,” तो म्हणाला. “रात्री पावाबरोबर खाल्ली. फार तिखट आहे यंदाची.” त्याचे डोळे सुजलेले होते. आम्ही दोघांनीही ते तिखटावर ढकललं.

“डबा ठेव की.”

“तू घेऊन जा.”

“जयू, काकूंनी मुद्दाम सांगितलंय. तूच आणायचा म्हणून.”

“म्हणून तर देतोय,” तो म्हणाला. “तू काही बोलू नकोस. नुसता डबा दे. तिला कळेल.”

गाडीला वेळ होता. कोपऱ्यातल्या टपरीवर उभ्यानं कॉफी प्यायलो. डबा मधे ठेवलेला. मी पिशवीत घालायला उचलला, तर तो म्हणाला, “थांब,” आणि काउंटरवरच्या वाटीतल्या साखरेच्या चिमुकल्या पुड्या मूठ भरून घेतल्या. विकणारी बाई बघत राहिली. त्यानं त्या डब्यात टाकल्या, कडी लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “रिकामा कसा द्यायचा?”

डिसेंबरच्या मध्याला मी घरी पोचले. रिक्षातून बॅग उतरायच्या आत काकू दारात होत्या. त्यांनी माझी तब्येत विचारली नाही, थंडी विचारली नाही.

“भेटला?”

“भेटला. छान आहे. अंगानं भरलाय.”

“आणि डबा?”

मी गाडीत, विमानात, मुंबईहून येताना बसमध्ये, सगळीकडे याची तयारी केली होती. बॅग उघडायची आणि डबा काढून हातात द्यायचा. बोलायचंही नव्हतं. एवढं सोपं काम. पण काकूंनी हात पदराला पुसून पुढे धरले होते, आणि ते रिकामे राहावेत अशी त्यांची इच्छा होती. हे मला स्पष्ट दिसत होतं.

“ठेवून घेतला त्यानं,” मी म्हटलं.

“ठेवून घेतला?”

“हो.”

त्या आत गेल्या आणि साखर घेऊन आल्या. माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवली, माझ्या आईच्या हातावर ठेवली, रिक्षावाल्याच्या हातावरसुद्धा ठेवली. मी ती खाल्ली.

पुढचे दिवस मी काम असल्यासारखी घराबाहेर राहिले. काकूंनी घराला पांढरा रंग लावून घेतला. भटजींना स्वतः जाऊन सांगून आल्या. त्यांची जाऊ चिंच खाल्ल्यासारखं तोंड करून म्हणाली, “अहो, पण फोन तर केला नाही ना त्यानं तारखेचा?” तर काकू म्हणाल्या, “आपला डबा आहे त्याच्याकडे.” आणि शेडमधल्या उरलेल्या दोन मागांपैकी एकावर त्यांनी जयूला श्राद्धाला बसायला नवं धोतर विणायला घातलं. काठ साधाच, दोन रेघी. त्याची चौकट मी काढून दिली. मला सांगितली म्हणून दिली. डबा माझ्या खाटेखाली, बॅगेत होता.

रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगते. जयूला दोन फोन केले. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा म्हणाला, “डबा दिलास का?” मी म्हटलं, “देते.” तो म्हणाला, “अजून?” आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. परदेशातला फोन, गप्प बसायलाही महाग.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी एका कामासाठी जयसिंगपूरला गेले होते. दुपारी परतले तर आई ओट्यापाशी तीळ भाजत होती. घर झाडून स्वच्छ. माझी बॅग उन्हात उलटी करून ठेवलेली.

“काय गं तू,” आई म्हणाली, “लोकांचं भांडं महिनाभर खाटेखाली ठेवतेस? प्रमिलाताईंचं नाव आहे त्यावर, लग्नातलं. लाज वाटली मला.”

“कुठंय डबा?”

“दिला नेऊन. बरं तरी रिकामा नव्हता, काहीतरी साखरेच्या पुड्या होत्या आत. नाहीतर मी लाडू घालणार होते.”

“कधी दिलास?”

“सकाळी. काय झालं?”

मी चपला पायात न सरकवताच गेले.

काकू स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. समोर डबा उघडा. स्टोव्हवर चहा उकळत होता, खूप उकळला होता, काळा झाला होता. त्यांनी माझ्याकडे बघून शेजारी बस असं खुणावलं. दोन कप ओतले. डब्यातून एक पुडी काढली, त्यावरचं परदेशी अक्षर न्याहाळलं आणि कडेनं सावकाश फाडली.

“ही तू घातलीस का त्यानं?”

“त्यानं.”

“हॉटेलातली?”

“स्टेशनवरच्या टपरीवरची.”

“मागून घेतली?”

“नाही. उचलली मूठभर.”

“तसाच आहे.” त्यांनी पुडी माझ्या कपात रिकामी केली. “रिकामा द्यायचा नाही, तेवढं लक्षात आहे म्हणायचं.”

“काकू, मी त्या दिवशी…”

“चहा घे. निवतोय.”

मी चहा घेतला. कडू जहर होता, एका पुडीनं काही झालं नव्हतं. त्यांनी दुसरी फाडली, ती स्वतःच्या कपात टाकली आणि बोटानंच ढवळली.

“हात कसे आहेत त्याचे?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“दोन वर्षांमागं एक फोटो पाठवला होता,” त्या म्हणाल्या. “गाडीसमोर उभं राहून काढलेला. ह्यांनी भिंग लावून बघितला. म्हणाले, प्रमिला, हे हात इंजिनिअरचे नाहीत, धुलाईतले आहेत. मला म्हणाले, त्याला विचारायचं नाही हं. त्याचं तो सांगेल. मग हे गेले. आता कुणाला सांगेल तो?”

मी कप खाली ठेवला. आनंदराव माहीत असून विचारत राहिले होते, तिथले माग आवाज करतात का.

“तुला विचारते,” काकू म्हणाल्या. “चटणी खाल्ली का त्यानं?”

“रात्रीच. फार तिखट आहे म्हणाला.”

“मिरची नेहमीचीच होती.”

तेवढ्यात पुढच्या दारातून बापूभाऊजींचा, काकूंच्या दिरांचा आवाज आला. ते उंबऱ्यातच उभे राहिले, काखेत छत्री, चेहऱ्यावर महिनाभराचा संकोच. “वहिनी,” ते म्हणाले, “भटजी विचारत होते. म्हणजे मी म्हटलं त्यांना, जयूचं येणं पक्कंच आहे, पण विमानाचं कसं, मागं-पुढं होतं कधी. आमची हरकत नाही हं, आम्ही थांबू. फक्त आपलं, जरा अंदाज…”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बघितलं. काकूंनी उरलेल्या पुड्या डब्यात नीट रचल्या, झाकण लावलं, कडी बसवली. मग पाटामागची घडी उचलली. नवंकोरं धोतर, दोन रेघी काठाचं, माझ्या चौकटीचं. ते त्यांनी दिरांच्या हातात दिलं.

“जयू येणार नाही, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “सतीशला बसवा. धोतर त्याला होईल.”